ओव्याची चिंधी

एकाच दिवशी निवृत्त झाले दोघे,
हे आणि चेरी.
ह्यांना शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
तिला झेंडूची माळ,
जी तिने जीपमध्येच हुंगली, तपासली
आणि निर्धोक ठरवून खाली टाकली.

नऊ वर्षं भुसावळच्या फलाटांवर
परक्यांच्या बॅगा वाचल्या तिने नाकाने.
आता आमच्या दोन खोल्या, ओटा, पपईचं झाड.

पहिले चार दिवस ती झोपलीच नाही.
दाराशी बसून राहायची, पट्टा तोंडात धरून.
यार्डात शिट्टी झाली की आधी कान उठायचे, मग ती.
हेही उठायचे. बूट शोधायचे.
मग एकमेकांकडे बघून दोघंही खाली बसायचे.

मी घर तिच्या उंचीवरून पाहिलं,
खरोखरच, गुडघ्यांवर रांगत.
तेव्हा दिसली कूलरची सोललेली वायर,
सिलिंडरमागे उंदरांसाठी ठेवून विसरलेली गोळी,
आणि ही फरशी, एवढ्या हौसेने बसवलेली,
जिच्यावर तिचे मागचे पाय फाकत जात.
वायर बदलली. गोळी काढली. फरशीवर गोणपाट शिवून अंथरलं.
अंगणातली लाल कण्हेर माझ्या हातची.
विषारी असते, म्हणाला जनावरांचा डॉक्टर.
उपटली.
त्या दिवशी मी चेरीशी बोलले नाही.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
कुंपणावरून सिंधूबाई नारखेडे:
"काय वो, कुत्र्याले कूलर?
अन् माणसं घामानं निथळून ऱ्हायले!"
मी म्हटलं, माणसाले घाम तरी येतो.

पहाटे पाचला फिरणं.
आधी मी चप्पल काढून सडकेवर पाय ठेवते,
मला सोसलं तर तिला सोसेल.
तिची भाकरी कळण्याचीच, पण कांदा नाही, तिखट नाही;
शेवभाजीच्या दिवशी ती उंबऱ्यावर अशी बसते
की आमचा घास घशात अडतो.

सगळं होतं तिला. सावली, पाणी,
माठाशेजारची ओलसर जागा.
तरी भिंतीकडे तोंड करून पडायची.
हेही.

मग पाल्याहून भाचा आला, गिरिधर.
तिने त्याच्या पिशवीभोवती एक फेरी मारली
आणि ताठ बसली. नजर पिशवीवर.
"मागं सरका सगळे," हे म्हणाले.
तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.
पिशवीत केळीचे वेफर्स,
नणंदेने धाडलेली ओव्याची पुरचुंडी.
तिला शिकवलेला वास त्यात कुठेच नव्हता.
पण कुणी काही विचारतच नाही म्हटल्यावर
तिनेच एक उत्तर काढून ठेवलं होतं.
हे हसले. गिरिधर अजून भिंतीला चिकटलेला.

त्या रात्री मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली,
ओव्याच्या डब्यात मुरत ठेवली.
तेव्हापासून रोज चारला ह्यांनी तिला घेऊन ओट्यावर जायचं,
मी आत चिंधी लपवायची.
रेडिओमागे. गव्हाच्या कोठीखाली.
एकदा ह्यांच्याच ड्यूटीच्या बुटात.
"ढूंढ," हे म्हणतात, आणि घर फलाट होतं.
सापडली की चेंडू, आणि आरडाओरडा,
ज्यात ह्यांचाच आवाज मोठा.
रात्री दोघं घोरतात. मी जागी.

आता तिचं तोंड पांढरं झालंय, मांड्याच्या कडेला पीठ राहावं तसं.
नाक चुकतं.
मी सोपं सोपं करत आणलं,
कोठीवरून गोणपाटाखाली,
गोणपाटाखालून पदरात,
आणि परवापासून नुसती माझ्या मुठीत.

काल बघितलं नीट.
आत आली, माझ्या मुठीपाशी थांबली, शेपूट एकदाच हलली.
तिला कळलं होतं.
तरी वळली.
कोठी हुंगली, रेडिओ हुंगला, दोन्ही बूट,
पलंगाखालचा अंधार, सगळं सावकाश,
हे मागून "शाब्बास, आगे" म्हणत होते तोवर,
त्यांचा दम पुरेल इतकं.
मग येऊन बसली माझ्यासमोर,
ताठ.